वरच्या फांदीची पानं

सरांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून झाडांची नावं काढून घेतली.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लांब टेबलावर त्यांनी चाळीसेक पानं मांडून ठेवली होती. प्रत्येक पानाखाली नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी. मी त्यांच्या संशोधन प्रकल्पावर साहाय्यक म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि मला छाप पाडायची होती. मी एका टोकापासून सुरू केलं : येन, धावडा, तेंदू, लेंडिया, बिजा. सरांनी मध्येच थांबवलं. नावं तुला येतात हे मला माहीत आहे, ते म्हणाले, म्हणून तर तुला घेतलं. पण आता आठ दिवस एकही नाव उच्चारायचं नाही. हे पान जाड की पातळ, केवढं मोठं, वजनाला किती, ओढलं तर लगेच फाटतं की नाही, एवढंच सांगायचं.

मला तो अपमान वाटला. नागपूरला एम.एस्सी. करताना झाडं ओळखण्यात माझा कुणी हात धरत नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी घरीच बसून होते. अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं, अम्मीनं माझ्या लग्नाची बोलणी सुरू केली होती, आणि ही तात्पुरती का होईना, माझी स्वतःची नोकरी होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर जंगलात पानं मोजायला गेलेली नव्हती.

सरांचं म्हणणं मला हळूहळू कळत गेलं. जंगलात किती जातीची झाडं आहेत हे मोजून जंगल कळत नाही, झाडं काय करतात ते कळायला हवं, असं ते म्हणत. कुणाचं लाकूड घट्ट, कुणाची साल जाड म्हणून आग सोसणारी, कुणाचं बी जड, कुणाचं पान स्वस्तातलं आणि कुणाचं टिकाऊ. सर याला झाडाचे गुण म्हणत. या गुणांवरून झाडांची तुलना केली की नात्यानं लांबची झाडं एका रांगेत येऊन बसतात आणि सख्खी भावंडं दूर जातात. सगळ्यात जास्त काम पानांवर होतं. पान आलेख कागदावर ठेवायचं, पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढायची, आतले चौकोन मोजायचे. मग ते पान पाकिटात घालून भट्टीत तीन दिवस वाळवायचं आणि तोलायचं. क्षेत्रफळाला वाळलेल्या वजनानं भागलं की एक आकडा मिळायचा. त्या आकड्याचं एवढं काय, ते मला महिनाभर उमगलं नव्हतं. एक दिवस दुकानात अब्बा मांजरपाटाचा तागा उचलत होते आणि बाजूला मलमल पडली होती. एक किलो मलमल अंगणभर पसरेल, एक किलो मांजरपाट दारापुरतंच. पातळ पान म्हणजे झाडानं थोड्या मालात मोठं कापड विणलं, पटकन वापरलं आणि टाकलं. जाड पान म्हणजे जपून, वर्षभरासाठी. मी दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, आता नावं घेतलीस तरी चालेल.

आमच्या कामाच्या तीन जागा होत्या. एक घुग्घुसजवळच्या झुडपी जंगलात. तिथलं प्रत्येक पान आधी ओल्या फडक्यानं पुसावं लागे, नाहीतर कोळशाची धूळही वजनात येई. दुसरी ब्रह्मपुरीच्या पूर्वेला. तिसरी भामरागडच्या पलीकडे, तीन तासांच्या पायवाटेवर. नियम सगळीकडे एकच होता. प्रत्येक जातीची पाच झाडं, प्रत्येक झाडाची दहा पानं, आणि ती सगळ्यात वरच्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या फांदीची. खालची पानं चालत नाहीत. एकाच झाडाचं सावलीतलं पान मोठं आणि पातळ असतं, उन्हातलं लहान आणि जाड. दोन्ही मिसळली तर आपण झाडं मोजत नाही, सावली मोजतो. हे वाक्य सरांचं. मी ते पाठ केलं होतं.

घुग्घुस आणि ब्रह्मपुरीकडे झाडं ठेंगणी. लांब बांबूला विळा बांधून केलेली आकडी वरपर्यंत पोचायची. भामरागडकडची झाडं तशी नव्हती. तिथं आकडी अर्ध्यावरच संपायची. तिथं मामा चढायचे.

मामा म्हणजे त्या गावातले पन्नाशीचे एक माडिया गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. पूर्वी त्यांनी लाकूडतोडीच्या कामावर बरीच वर्षं काढली होती. पायात काही न घालता, कमरेला विळा खोचून ते झाडावर असे चढत की मला खालून मान वर करून बघताना फक्त तळवे दिसत. माझी राहायची सोय गावातल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या खोलीत होती. त्याही आमच्या आरमोरीकडच्या आहेत आणि एकाच खोलीत राहायचं आहे, एवढ्यावरच अब्बांनी मला जाऊ दिलं होतं.

ज्या फेरीत ते घडलं ती सप्टेंबरच्या शेवटची होती. पाऊस अजून रेंगाळत होता. पण पानं पुरती तयार झाली होती, आणि थोडे दिवस थांबलं तर ती किडीनं खाल्ली गेली असती. सर विद्यापीठाच्या कामात अडकले होते म्हणून मी एकटीच गेले. चार दिवसांत बरंच काम उरकलं. पाचव्या दिवशी सकाळी चार धावडे झाले. पाचवा होता तो नाल्याच्या काठावर, उंच, फिकट पांढऱ्या सालीचा. धावड्याची साल गुळगुळीतच असते, आणि पहाटे पावसाची एक सर येऊन गेली होती.

मामांनी सालीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पाचवं झाड काऊन पायजे?" ते म्हणाले. "चार झाले ना. पाचवा बी धावडाच रायते."

मी म्हणाले, सरांनी पाच सांगितले आहेत. त्यांनी विचारलं, खालच्या फांदीची पानं चालतील का. मी नाही म्हणाले. सावलीची पानं का चालत नाहीत ते मी त्यांना समजावूनही सांगितलं. माझ्या आवाजात तेव्हा शिकवण्याचा सूर होता, तो मला आजही ऐकू येतो. त्यांनी ऐकून घेतलं, विळा कमरेला खोचला आणि चढले.

फांदी आधी खाली आली. मी ती उचलली, आणि निरोगी, पूर्ण पानं निवडायला लागले. सहा की सात पानं झाली असतील. मामा उतरत होते. ओरडण्याचा आवाज आला नाही, साल घासल्यासारखा आला, आणि मग ते नाल्याच्या काठावरच्या दगडांवर पडलेले होते. त्यांचा उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. ते शुद्धीवर होते. माझ्याकडे न बघता ते वर झाडाकडे बघत होते.

मी फांदी टाकून गावाकडे धावले. नर्सबाईंनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. खुबा मोडला असावा, त्या म्हणाल्या, इथं काही होणार नाही. चौघांनी मामांना खाटेवर घेतलं. आम्ही भामरागडला पोचलो तर नदीवरचा पूल पाण्याखाली होता. मोठा दवाखाना पलीकडे. दोन दिवस आम्ही पाणी उतरायची वाट पाहिली. मामांची बायको खाटेशी बसून होती. तिला मराठी येत नव्हतं, मला माडिया येत नव्हती. ती दर थोड्या वेळानं त्यांचा पाय न हलवता घोंगडी नीट करायची आणि परत बसायची. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला पाणी आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी डोंग्यातून पलीकडे नेलं. डॉक्टरांनी पायाला वजन लावून ठेवलं आणि चंद्रपूरला नेऊन ऑपरेशन करणं चांगलं, असं सांगितलं. मामा नको म्हणाले. त्यांच्या घरचेही नको म्हणाले. तिकडे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची धास्ती होती, आणि ती घालवण्याइतकी माझी भाषाही नव्हती आणि हिंमतही. मी निघताना मामा म्हणाले, "सायबाले सांगू नको. मंग ते दुसऱ्याले घेतीन."

ते मला फार सोयीचं पडलं. सरांना कळलं तर माझं एकटीनं जाणं बंद होईल, अब्बांना कळलं तर नोकरीच, ही माझी भीती. मामांच्या त्या एका वाक्याआड मला ती लपवता आली. मी स्वतःला सांगितलं की मी त्यांच्यासाठीच गप्प बसते आहे.

पण काम उरलं होतं. येन, लेंडिया आणि तेंदू या तीन जाती व्हायच्या होत्या, आणि पाचव्या धावड्याची पानं नव्हती. मी परत गावात गेले. नाल्यावर टाकलेली फांदी तशीच होती, पानं सुकून किडीनं खाल्लेली. आता कुणाला झाडावर चढा म्हणणं मला शक्य नव्हतं. गावाच्या कडेला, जिथं लोक कुंपणासाठी दरवर्षी झाडं तोडत, तिथं बुंध्यांतून फुटलेले फुटवे होते. माझ्या खांद्याइतके उंच. धावड्याचे होते, येनाचे होते, बाकीच्या दोन्हींचेही होते. पानं मोठी, तजेलदार. आणि वर मोकळं आकाश, दिवसभर ऊन. नियमात ऊन म्हटलं आहे, मी मनाशी म्हणाले, ऊन तर आहे. अर्ध्या दिवसात सगळी पानं मिळाली. नर्सबाईंच्या खोलीत कंदील पुसून ठेवलेला होता, त्याशेजारी बसून मी नोंदवहीत लिहिलं : झाडाची उंची पंधरा मीटर, वरची फांदी. पुढच्या ओळीत चौदा मीटर. त्याच्या पुढच्या ओळीत सोळा. प्रत्येक वेळी वेगळा आकडा लिहायचं भान मला होतं, हेच मला नंतर सगळ्यात जास्त बोचलं.

हिवाळा सुरू होता होता सरांनी मला संगणकावर बसवलं. कॉलेजात तो एकच होता, त्याच्यावर कापडाचं झाकण असायचं. गुणांचं विश्लेषण कसं करायचं ते मी तिथं शिकले. उंची मीटरमध्ये, बी ग्रॅममध्ये, पान चौरस सेंटिमीटरमध्ये. हे सगळं आधी एका मापावर आणायचं, म्हणजे मोठे आकडे लहानांना दाबणार नाहीत. मग एकमेकांबरोबर वाढणारे आणि कमी होणारे गुण शोधायचे. शेवटी प्रत्येक झाड पडद्यावर एक ठिपका होतं. एका बाजूला पातळ पानांची, हलक्या लाकडाची, घाईची झाडं. दुसऱ्या बाजूला जपून जगणारी. पहिल्यांदा ते चित्र उमटलं तेव्हा मला आनंदही झाला होता, तो लपवत नाही. पायांखालून गेलेलं सगळं जंगल त्या चित्रात होतं.

मग सरांनी भामरागडचे धावडे वेगळ्या रंगात दाखवायला सांगितले. चार ठिपके एकमेकांना चिकटून होते. पाचवा कुठच्या कुठं होता.

सरांनी चष्मा वर करून बघितलं. "हा असा का?"

मी म्हणाले, वाळवताना भट्टी मध्येच बंद पडली होती, भारनियमनामुळे. पान पुरतं वाळलं नसेल. ते खोटं इतकं पटकन आलं की माझी मलाच भीती वाटली. आणि खोटं म्हणूनही ते धड नव्हतं. ओलं राहिलेलं पान जड भरतं, म्हणजे आकड्यांत ते जाड दिसायला हवं, आणि तो ठिपका तर पातळ पानांच्या बाजूला गेला होता. सरांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि येन, लेंडिया, तेंदू बघायला सांगितले. तिथं पाचही ठिपके एकत्र होते, कारण पाचही फुटव्यांचेच होते. पण ते सगळे पातळ पानांच्या बाजूला सरकलेले होते. घुग्घुसजवळचे तेच येन, तेच लेंडिये, तेच तेंदू दुसऱ्या टोकाला.

सरांचा चेहरा उजळला. एकच जात दोन जंगलांत दोन वेगळे पोशाख घालते, ते म्हणाले, कोरड्यात जाड, ओल्यात पातळ. असा फरक असतोच, पण एवढा मोठा मी पाहिला नव्हता. त्यांनी त्यावर निबंध लिहायला घेतला. दक्षिणेत कुठंतरी परिषद होती, तिथं वाचायचा होता. कच्चा मजकूर ते हातानं लिहीत आणि मी टाइप करी. 'उंच झाडांच्या वरच्या फांद्यांवरून पानं गोळा करण्यात आली', हे वाक्य मी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं.

एक दिवस सर म्हणाले, छापायला देण्याआधी ती पाकिटं पुन्हा तोलू या. तो पाचवा धावडाही सुधारता येईल. वाळलेली पानं कपाटात होती. सरांनी ती पाकिटं उघडली असती तर तोलायची गरजच नव्हती. फुटव्याचं पान त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं. त्या संध्याकाळी मी भामरागडची सोळा पाकिटं पिशवीत घालून घरी आणली. काय करणार होते ते मला आजही नक्की सांगता येत नाही. कसर लागली म्हणून सांगता आलं असतं. चूलही होतीच.

अब्बांनी पिशवी पाहिली. एरवी मी काम घरी आणत नसे. काय आहे विचारलं, तेव्हा मी सुरुवातीला टाळलं आणि मग सगळं सांगून टाकलं. फुटवे, खोट्या उंची, निबंध, परिषद. त्यात मामांचं पडणंही आलं, कारण ते गाळून काहीच सांगता येत नव्हतं. मला वाटलं अब्बा नोकरीबद्दल बोलतील, एकटीनं जाण्याबद्दल बोलतील. त्यांनी घरच्या शिलाई मशीनवरचा पाय काढला.

"पत्ते का छोड," ते म्हणाले. "उस आदमी के घर कौन गया बाद में?"

कुणीच गेलं नव्हतं. तीन महिने होत आले होते. नर्सबाईंचं एक पत्र आलं होतं, पाय जुळला पण आखूड राहिला, एवढंच. मी त्याला उत्तरही दिलं नव्हतं. अब्बा परत मशीनकडे वळले.

सकाळी मी पाकिटं घेऊन सरांच्या खोलीत गेले. ती टेबलावर ओतली आणि उभ्यानंच सांगितलं. सरांनी एक येनाचं पान उचललं, खिडकीकडे धरलं, आणि त्यांना माझ्या सांगण्याची गरज उरली नाही. मग त्यांनी प्रत्येक पाकिटातलं एकेक पान काढून शेजारी शेजारी मांडलं. मी त्यांच्या रागाची वाट पाहत होते.

"पाच झाडं, असं मी लिहिलं होतं," ते शेवटी म्हणाले. "ती आणायची कशी, ते लिहिलं नव्हतं."

मग त्यांनी विचारलं की माणूस पडला हे मला तू का कळवलं नाहीस. मी मामांचं वाक्य सांगायला तोंड उघडलं आणि ते माझ्यानं सांगवलं नाही. मला भीती वाटली, एवढंच म्हणाले.

निबंध मागे घेतला. सरांनी परिषदेला पत्र लिहिलं, त्यात माझं नाव न घेता 'नमुन्यांत दोष आढळला' असं म्हटलं. त्या तीन जाती भामरागडच्या यादीतून काढल्या. पाचवा धावडा काढायचं काम सरांनी मलाच दिलं. मी ती ओळ पुसली आणि आकडेमोड पुन्हा केली. चार झाडांची सरासरी आली ती बाकीच्या दोन जागांच्या शेजारीच. मग मला राहवलं नाही. त्या चारांत जेवढा फरक होता, तेवढाच धरून मी एक काल्पनिक पाचवा आकडा घालून पाहिला. मामांनी पाडलेल्या त्या फांदीची पानं मी सोबत आणली असती तर जो आला असता, तसा. चित्रातला सरासरीचा ठिपका हलला, पण इतका थोडा की छापताना शाईतच बुडाला असता. चार झाडांवर थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं. हे मी सरांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले की हे आधी कळत नाही, मोजल्यावरच कळतं. ते खरं होतं. पण मामांना ते न मोजता कळलं होतं, आणि ते त्यांनी मला झाडाखाली उभं राहून सांगितलं होतं.

सरांनी मला काढून टाकलं नाही. त्याऐवजी ते माझी प्रत्येक नोंद तपासू लागले. मी वही त्यांच्यासमोर ठेवायची, ते एकेक ओळ बोटानं खाली सरकत वाचायचे, मध्येच एखादं पाकीट मागवून पान बघायचे. एक शब्दही लागेल असा बोलायचे नाहीत. उरलेली दोन वर्षं हे चाललं. मी शेजारी उभी राहायची.

डिसेंबरात आम्ही दोघं मामांकडे गेलो. ते अंगणात बसून बांबूच्या कामट्या काढत होते. उठले तेव्हा काठी घेऊन उठले, आणि शरीर एका बाजूला कललं. सरांना पाहून ते आधी माझ्याकडे बघायला लागले, सांगितलंस का, असं. मी मान डोलावली. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि चूक आमची आहे म्हणाले. औषधाचं, चंद्रपूरला दाखवण्याचं बोलले. मामांनी पुन्हा नको म्हटलं. पाय आता दुखत नाही, ते म्हणाले, फक्त चढता येत नाही.

त्या चढता येण्यात किती काय होतं ते मला तिथं बसल्यावर कळलं. त्यांच्या मालकीचे दोन गोरगे होते. गोरगा म्हणजे ताडासारखं झाड. त्याच्यावर चढून त्याचा रस उतरवायचा आणि घरोघर, पाहुण्यांना, सणाला द्यायचा, हा तिथं कर्त्या माणसाचा मान. आता त्यांचा धाकटा भाऊ चढत होता. रस घरात येतच होता. पण वाटप भाऊ करत होता, आणि मामा अंगणात बसून कामट्या काढत होते.

सरांनी विषय बदलावा म्हणून फुटव्यांच्या पानांचं सांगितलं, ती वेगळी निघाली म्हणून. मामांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"तोडलेल्या झाडाचं पान तसंच रायते," ते म्हणाले. "बुड म्हाताराच हाये, मुळं खोल हायेत, अन् वर खाणारे दोनच फुटवे. मोठं पान काऊन नाई येईन?"

सरांनी वही काढून ते लिहून घेतलं. पुढे आम्ही खरोखरच ते तपासलं. कुणालाही झाडावर न चढवता, बांबूला बांबू जोडून केलेल्या आकडीनं जिथवर पोचेल तेवढंच. उंच झाडं सोडून दिली आणि सोडली असं लिहिलं. त्या कामातून जो निबंध छापून आला, त्यासाठी सरांनी त्याच दिवशी मामांना विचारलं होतं की त्यात तुमचं नाव घालू का, आभारात. मामा पटकन नको म्हणाले. कागदावर नाव असलं की कुणीतरी विचारायला येतं, आज पोलीस, उद्या जंगलातले, आणि उत्तर देणारा घरात एकटाच असतो. ते त्यांनी तक्रारीसारखं सांगितलं नाही. त्या भागात सगळेच असं सांगत. निबंधात 'स्थानिक साहाय्यक' एवढे दोन शब्द आहेत.

निघायच्या आधी सर पाण्याच्या तांब्याशी होते तेव्हा मी मामांजवळ गेले आणि म्हणाले, मामा, मला माफ करा. त्यांनी भुवया वर केल्या. कशाची माफी, त्यांनी विचारलं. साल ओली होती, पाय सरकला. मला म्हणायचं होतं की तुम्ही चार म्हणाला होता. म्हणायचं होतं की तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी खोट्या उंची लिहीत होते, आणि तुम्ही नको सांगू म्हणालात ते मी स्वतःसाठी वापरलं. यातलं एकही वाक्य त्यांच्या मराठीत मला बसवता येईना. बायको दारात उभी होती. तिनं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी तिला थोडक्यात सांगितलं, आणि तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ, बराच वेळ पाहिलं. ते काय बोलले हे मी विचारलं नाही.

मामा आम्हाला पोचवायला निघाले. नको म्हटलं तरी आले, काठी टेकत, आमच्या पुढे. वाट नाल्यापाशी उतरते, तिथं दगड आहेत. उताराच्या तोंडाशी ते थांबले. सर आणि मी खाली उतरलो, पाण्यातून पलीकडे गेलो, आणि चढण चढून मी मागे पाहिलं तर ते परत वळले होते, गावाकडे तोंड करून, पुढची काठी कुठं टेकायची ते बघत.